कुलूप मी कापले

मी, वय ६१ वर्षे, धंदा निवृत्त (शाळेत प्रयोगशाळा सहायक), राहणार बाजारामागची गल्ली, पहिला मजला. ठाण्यात आपणहून हजर राहून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी एकटा राहतो. तळमजल्यावरच्या खोलीत माझी पत्नी तसबिरींना चौकटी बसवण्याचे काम करत असे. ती अकरा महिन्यांपूर्वी वारली. तेव्हापासून खोली बंद होती. किल्ली तिच्या कामाच्या एप्रनच्या खिशात असायची. एप्रन मी इतर कपड्यांबरोबर देऊन टाकला. खिसा बघायचे राहून गेले. दुसरी किल्ली करून घेतली नाही. गरज पडली नव्हती.

आमच्या भागात पूर्वी टपाल वाटणाऱ्या एक बाई आता रिकाम्या जागांचे मालक आणि जागा शोधणारे यांची गाठ घालून देतात. कोणती दारे कधीपासून उघडलेली नाहीत, हे त्यांना पाठ आहे. त्या माझ्याकडे तीनदा आल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "काका, एक माणूस फुटपाथवर व्हीलचेअर दुरुस्त करत बसतो. त्याला बिनपायरीची जागा हवी. अख्ख्या गल्लीत तसं दार तुमचं एकच." पत्नीने काचा आत नेणे सोपे जावे म्हणून पायरी काढून घेतली होती. मी हो म्हटले.

करार करण्याआधी मालक आणि भाडेकरू यांनी त्या जागेत एक तास बसायचे, असा बाईंचा नियम आहे. सोमवारी सकाळी दहा वाजता मी करवतीने कुलूप कापले. व्हीलचेअर दुरुस्त करणारे ते कारागीर तेव्हा रस्त्यावर उभे होते. त्यांनी कुलपाला हात लावलेला नाही. मी उंबऱ्यावर बसलो. बाई म्हणाल्या, "दारातला तास मी धरत नाही." मग मी आत गेलो. एक तास पावणेबाराला पुरा झाला. त्यानंतर करारावर सह्या केल्या.

गिऱ्हाइकांनी न नेलेल्या एकवीस तसबिरी आम्ही दोघांनी वर माझ्या घरी नेल्या. शेवटची खेप कारागिरांनी एकट्यांनी नेली. मी खालीच बसून होतो. तेवढ्यात तक्रारदार, म्हणजे पत्नीचे धाकटे भाऊ, आले. "ए, ताईच्या वस्तू कुठे चालवल्यास?" कारागीर म्हणाले, "वर, काकांकडे. तुम्हीही एक उचला, तेवढाच हातभार." मेहुण्यांना ती थट्टा वाटली. ते मला म्हणाले, "भाऊजी, वर्ष नाही झालं अजून, आणि तिच्या जागी पंक्चरवाला बसवताय?" मी काही बोललो नाही. त्यावरून या माणसाने मला धाकात ठेवले आहे, असा त्यांचा समज झाला आणि कुलूप तोडून वस्तू नेल्याची तक्रार द्यायला ते इथे आले.

तेव्हा बोलायला हवे होते, ते आता सांगतो. खोली मी माझ्या मर्जीने दिली आहे. करार कायम आहे. भाडेकरूची खोली उघडण्यासाठी कुलूप कापण्यात काही गुन्हा असेल तर तो माझ्या नावावर लिहावा. कारागिरांना आज सकाळपासून इथे बाकावर बसवले आहे, त्यांना सोडावे आणि जप्त केलेली हत्यारे आजच परत द्यावीत. दोन खुर्च्या खोलून पडल्या आहेत आणि त्यांची माणसे अंथरुणावर आहेत. मेहुण्यांविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. त्यांनी घरी यावे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "पत्नीची खोली" असे आले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून "भाडेकरूची खोली" असे केले. खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे.