हुक बसला

साहेब : सही करा, काका, आणि मोकळे व्हा. दोन ओळींचं तर पत्र आहे.

क्रेनवाले काका : "माझ्या निष्काळजीपणामुळे पंप खाली पडला." या दोन ओळींनी माझा परवाना जातो, साहेब. तीस वर्षं क्रेन चालवतोय. हुकानंच आ वासला, साखळी निसटली, त्यात माझी काय चूक? आणि सकाळी सगळ्यांसमोर म्हणालात, म्हातारा झालास, डोळे गेले तुझे.

साहेब : रागाच्या भरात बोललो. पण हिसका तुम्हीच दिलात. हिसक्याशिवाय हुक उघडत नाही.

तपासनीस ताई : कोण म्हणतं? काका, पेन खाली ठेवा आधी!

साहेब : ताई, तुम्ही तपासणीच्या खोलीत वजनं लावत बसायचं. इथं काय काम?

ताई : सोमवारी याच हुकाला वजन लावलं होतं मी. चिठ्ठीही मीच दिली. मग मी नाही येणार तर कोण?

साहेब : बरं झालं आलात. ही तुमची चिठ्ठी. वाचा मोठ्यानं.

ताई : "हुक बसला."

साहेब : झालं तर! बसला, म्हणजे नीट बसला. म्हणून चढवला. आता बोला.

काका : ताई, असं लिहिलंत तुम्ही?

ताई : अहो, आमच्याकडे बसला म्हणजे कामातून गेला! जुन्या गादीची स्प्रिंग बसते ना, तसा. हुकाच्या तोंडाच्या दोन बाजूंना दोन ठिपके ठोकलेले असतात, एकमेकांपासून दहा सेंटिमीटरवर. वजन लावलं की लोखंड ताणलं जातं, अंतर जरा वाढतं. वजन काढलं की परत दहावर यायला हवं. हा आलाच नाही. साडेदहावर राहिला.

साहेब : मला काय स्वप्न पडणार होतं? सरळ लिहायचं, टाकून द्या म्हणून.

ताई : लिहायलाच हवं होतं. चुकलं माझं. एका ओळीचा आळस केला आणि खालचा फिटर दोन हातांवरून वाचला.

साहेब : चला, कबूल केलंत. मग तुम्हीही सही करा.

ताई : करते की. काका, मंगळवारी चढवताना हुक मोजला होतात?

काका : न मोजता चढवीन? बरोबर दहा भरला.

ताई : सोमवारी साडेदहा, मंगळवारी दहा! एका रात्रीत अक्कल आली वाटतं त्याला? द्या तो टेबलावरचा हुक इकडे.

(ताई किल्लीनं हुकावरचा पिवळा रंग खरवडते.)

काका : अरे देवा. हे तर हातोडीचे वण.

ताई : तापवून, ठोकून, उघडलेलं तोंड मिटवून वर रंग फासलाय! साहेब, नीट बसलाय असं वाटलं होतं ना? मग नीट बसलेला हुक ठोकायला कोणी सांगितलं?

साहेब : अहो, नवा यायला पंधरा दिवस लागतात. काम अडलं होतं. जरासाच तर उघडला होता.

ताई : जरासा! माप परत आणलंत, ताकद कुठून आणणार होतात? आणि वर या माणसाच्या माथी खापर! चोर सोडून संन्याशाला फाशी! लाज कशी वाटत नाही हो?

साहेब : हळू. बाहेर ऐकू जातंय.

ताई : जाऊ दे की! आता दोन पत्रं लिहायची. एक माझं, अर्धवट चिठ्ठी दिली म्हणून. दुसरं तुमचं. तुमचं लिहून झाल्याशिवाय मी इथून हलत नाही.

साहेब : बरं, बरं. लिहितो. हे काकांचं पत्र फाडलं, बघा. काका, झालं ते झालं. उद्यापासून या नेहमीसारखे. आणि उभे का असे? बसा ना, चहा सांगतो.

काका : नको, साहेब. ताईंच्या भाषेत, मी सकाळीच बसलो.