दहा नॅनोमीटरची घरं

आजच्या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे चेअरमन आदरणीय शांतीलालभाई, प्राचार्य चुनीलाल सर, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, माझे सहकारी प्राध्यापक, कार्यालयातील आणि प्रयोगशाळेतील बंधू-भगिनी, आजी-माजी विद्यार्थी, आणि माझ्यासाठी दुकान अर्धा दिवस बंद करून आलेली माझ्या माहेरची पिंजारी मंडळी,

आपण सर्व माझ्याविषयी जे बोललात, ते मी मान खाली घालून ऐकलं. उभं राहून बोलायची सवय चौतीस वर्षांची आहे, पण आता गुडघे ऐकत नाहीत. मध्येच मी या खुर्चीला धरलं तर गैरसमज करून घेऊ नका. भावनाविवश वगैरे झालेली नसेन.

माझे वडील कापूस पिंजायचे. कळसाडीकडून गाडीनं कापूस यायचा आणि आमच्या दारात त्याचे ढीग पडायचे. त्यांच्या मुलीला या महाविद्यालयानं पदार्थविज्ञान विभागाची प्रमुख केलं, याचं ऋण मी मानते. एवढं म्हणून मी खाली बसले असते तर बरं झालं असतं. जेवणही तयार आहे, वास इथपर्यंत येतोय. पण आत्ता जे मानपत्र वाचलं गेलं, त्यात एक ओळ आहे. ‘सिकलसेल आजाराच्या निदानासाठी प्रकाशाच्या सूक्ष्म रचनांवर त्यांनी केलेले मूलगामी संशोधन.’ ती ओळ ज्यांनी लिहिली त्यांचा काही दोष नाही, त्यांना जुन्या अहवालात तेच सापडलं असणार. ती ओळ खोडावी अशी माझी विनंती आहे, आणि का खोडावी ते सांगणं मला भाग आहे.

आठ वर्षांपूर्वी माझ्याकडे पीएच.डी.साठी एक मुलगी आली. गायत्री पाडवी. डोंगरातल्या काठी गावाच्याही पुढची. अंगानं बारीक, बोलणं कमी, गणित पक्कं. तिच्या आईला, रूपलीबाईंना, सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. थंडी पडली की त्यांची हाडं दुखायला लागायची आणि घरातली कामं गायत्रीवर यायची. विषय तिनंच निवडला.

हा विषय काय होता? आपल्यात कला शाखेचे पुष्कळ जण आहेत, म्हणून सोपं करून सांगते. काचेसारख्या पातळ पापुद्र्यावर ओळीनं बारीक छिद्रं पाडायची. इतकी बारीक, की एका केसाच्या जाडीत तीनशे बसावीत. अशा पापुद्र्यावर प्रकाश पडला की एक ठरावीक रंग उजळून परत येतो. छिद्रांच्या आतल्या भिंतीला एखादा थर चिकटला की तो रंग थोडा सरकतो. सिकलसेलच्या रक्तातला सदोष पदार्थ तेवढा चिकटवून घेता आला, तर नुसत्या डोळ्यांनी रंग बघून निदान करता येईल, अशी कल्पना. असा पापुद्रा बनवण्याची सोय आपल्याकडे नव्हती, आजही नाही. आम्ही ते सगळं संगणकावर करत होतो. सिम्युलेशन. त्यात त्या रचनेची बारीक घरं पाडायची, बुद्धिबळाच्या पटासारखी, पण तिन्ही बाजूंनी, आणि प्रत्येक घरात प्रकाश क्षणाक्षणाला काय करतो याचं गणित संगणकाकडून सोडवून घ्यायचं. घरं जितकी लहान तितकं उत्तर खरं. पण घराची बाजू निम्मी केली की काम सोळा पट वाढतं. आमचे दोन संगणक, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. दहा नॅनोमीटरचं, म्हणजे मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाचं, घर धरलं तर एक गणित चार दिवस चालायचं. पाचचं धरलं असतं तर चौसष्ट दिवस.

मी सांगितलं, दहा ठेव.

ती म्हणाली, “मॅडम, चिकटणारा थर पाच नॅनोमीटरचा आहे. आपलं घर दहाचं. मग तो थर नीट मोजला जातो का?”

मी म्हणाले, “सॉफ्टवेअर सरासरी काढतं. तू पुढे चल.”

सॉफ्टवेअर खरंच सरासरी काढतं का, हे मी तपासलं नव्हतं. तिनं तो प्रश्न आपल्या वहीतही लिहिला आणि वही माझ्याकडे सहीला ठेवली. मी न वाचता सही केली. तारखेसह आहे ती सही.

उत्तर आलं ते फार सुंदर होतं. रंग बारा नॅनोमीटर सरकत होता. हिरव्याचा पिवळट व्हावा, कुणालाही दिसावा, इतका. शोधनिबंध छापून आला. मग वर्तमानपत्रात बातमी आली, ‘सिकलसेलची चाचणी आता नुसत्या डोळ्यांनी’. याच सभागृहात मला शाल मिळाली. मी ती घेतली. मी त्या बातमीतली एक ओळही दुरुस्त करायला सांगितली नाही. आपण सांगितली असती का? मला माहीत नाही. स्तुती चालू असताना माणूस मध्ये बोलत नाही.

बातमीनंतर तीन-चार दिवसांनी आपले प्रयोगशाळा परिचर दगा भाऊ माझ्या केबिनमध्ये आले. ते इथे बसलेत, मागच्या रांगेत. म्हणाले, “मॅडम, बाहेर लोके येल शेतस. रगत तपासी द्या म्हनतस.”

मी बाहेर आले. मोलगीकडून दोन जीप भरून माणसं आली होती. विभागाच्या पायऱ्यांवर फुलीबाई नावाच्या एक बाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला पाहताच त्यांनी मुलीची बाही वर केली आणि तिचा हात माझ्यापुढे धरला. आणि माझ्याकडे आत काय होतं? दोन संगणक आणि एक पंखा. मी म्हणाले, “मशीन अजून यायचंय.” ते वाक्य गायत्रीनं तिच्या बोलीत त्यांना सांगितलं. सांगताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. माणसं आली तशी परत गेली.

पुढच्या महिन्यात गायत्री पुण्याला एका मोठ्या संस्थेत सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणाला गेली. तिथला संगणक मोठा. तिचा फोन आला.

“मॅडम, मी घर दोनचं धरून चालवलं.”

“मग?”

“बाराचे अडीच झाले.”

“परत चालव.”

“तीनदा चालवलं, मॅडम. दहाच्या घरात पाचचा थर पूर्ण दहाचा धरला जात होता, आणि गोल छिद्रांच्या कडांना पायऱ्या पडत होत्या. डोळ्यांना काहीच दिसणार नाही.”

अडीच म्हणजे काहीच नाही. महागड्या उपकरणाला कळेल, माणसाला नाही. मी तिला म्हणाले, “महिनाभर थांब. कुणाला सांगू नकोस.” महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी समिती येणार होती आणि आमचा निबंध अहवालाच्या पहिल्या पानावर होता. प्राचार्य साहेब, आपण तेव्हा या पदावर नव्हता आणि तेव्हा जे होते त्यांनाही यातलं काही माहीत नव्हतं. माहीत फक्त मला होतं.

ती अकरा दिवस थांबली. बाराव्या दिवशी निबंध मागे घेण्याचं पत्र लिहूनच पुण्याहून आली.

“मॅडम, मोलगीच्या बाजाराला गेलं की लोक आईला विचारतात, मशीन कधी येणार. आई सांगते, येईल. तिला काय सांगू मी?”

मी नाही म्हणू शकले नाही. पण पत्र मी पुन्हा लिहिलं. चूक कशी झाली या ठिकाणी मी लिहिलं, ‘गणनेतील त्रुटी विद्यार्थिनीकडून झाली.’

तिनं ते वाचलं. दोनदा वाचलं. म्हणाली, “हे असंच ठेवायचं?”

मी म्हणाले, “तू तरुण आहेस, सावरशील. माझ्या नावावर विभाग उभा आहे.”

तिनं सही केली.

त्यानंतर ती एकटी मोलगीच्या बाजारात गेली आणि लोकांना उभ्यानं सांगितलं, की अशी चाचणी झालेली नाही, मशीन येणार नाही, सरकारी दवाखान्यात जी तपासणी होते तीच करून घ्या. काही जण तिला वाटेल ते बोलले. काही तिच्याबरोबर दवाखान्यात गेले, त्यांत फुलीबाईही होत्या. त्यांच्या नातीला आजार निघाला, औषध सुरू झालं. ही बातमी कुठे छापून आली नाही. दगा भाऊंनी मला एकच वाक्य ऐकवलं, “मॅडम, पोरले येकलीले धाडं तुम्ही.” पोरीला मी एकटीला धाडलं हे तोंडावर म्हटल्याबद्दल त्यांच्यावर मी पुष्कळ दिवस रागावले होते.

गायत्रीची शिष्यवृत्ती पुढे वाढली नाही. चुकीची गणितं करणारी मुलगी म्हणून दुसऱ्या कुठल्या मार्गदर्शकानं तिला घेतलं नाही. तिनं बी.एड. केलं. आज ती खांडबाऱ्याजवळच्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. मी मात्र प्रमुख राहिले, समित्यांवर गेले, इतर मुलांना ‘शंका विचारत जा’ असं सांगत राहिले. हे सगळं करताना फार दमायला झालं, आणि ते दमणं वयाचं आहे असं मी घरी सांगत आले.

गेल्या महिन्यात मी त्या नियतकालिकाच्या संपादकांना पत्र पाठवलं. घराचं माप मी ठरवलं होतं, विद्यार्थिनीनं शंका लेखी मांडली होती, ती मी दुर्लक्षिली, आणि खुलासाही मीच खोटा लिहिला. सोबत विभागात राहिलेल्या तिच्या वहीच्या त्या पानाची प्रत जोडली. दुरुस्ती छापतो असं त्यांचं उत्तर आलं आहे.

मग मी गायत्रीला फोन केला. मधल्या सुट्टीची वेळ होती. सगळं सांगितलं.

ती म्हणाली, “मॅडम, ते मला तेव्हा हवं होतं.”

मी म्हणाले, “हो.”

“घंटा झाली. ठेवते मी.”

आजचं निमंत्रण तिला पाठवलं होतं. ती आलेली नाही, आणि ते योग्यच आहे.

शांतीलालभाई, आपण अध्यक्षस्थान भूषवलंत; प्राचार्य सर, आपण आणि सहकाऱ्यांनी एवढी तयारी केलीत; विद्यार्थ्यांनो, तुम्ही मंडप सजवलात; दगा भाऊ, आपण चौतीस वर्षं प्रयोगशाळेचं दार माझ्याआधी उघडलंत. सर्वांची मी मनापासून आभारी आहे. आनंदाच्या प्रसंगी मी हे बोलले, त्यानं कुणाचं मन दुखावलं असेल, भाषण लांबलं असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर तेवढ्यापुरतं आपण मला माफ करावं. त्यापलीकडची माफी द्यायचा अधिकार या सभागृहाला नाही, म्हणून ती मी आपल्याकडे मागत नाही.

चला, जेवण गार होतंय.