फॉर्मवर माझाच नंबर

नाही हो मावशी, उठू नका, बसा, स्टूल रिकामंच आहे — चंदूशेठ झेरॉक्सचे कागद आणायला गेलेत, आणि ते आले तरी तुम्हाला काही बोलायचे नाहीत — पण ही पिशवी कशाला? वाल? अहो, तुमच्या लेकीचा, शर्मिलाचा फॉर्म भरून दिला, पैसे घेतले नाहीत, म्हणून तुडीलहून एवढे वाल आणायचे? नको. बरं, ठेवा, पण टेबलावर नको, तिकडे खाली — आई गं! — काही नाही, काही नाही, एसटीचा हॉर्न. दोन वर्षं स्टँडसमोर बसतेय, तरी दचकते. हल्ली जरा जास्तच दचकते.

शर्मिलाचं काय झालं ते ना? सांगते. पंखा लावू का? उन्हातून आलात. पाणी घ्या आधी.

तुम्हाला ठाऊक आहे ना, किती फॉर्म आले होते? एक जागा. अलिबागच्या ऑफिसात परिचर — म्हणजे शिपाईच हो, फायली न्यायच्या, पाणी द्यायचं — पण कायम. आपल्या समाजासाठी राखीव अशी एकच. मी इथे बसून ओळखीच्याच सव्वीस जणांचे भरले. दहावी पास पाहिजे असं लिहिलं होतं, आणि भरणारे कोण? बीएड झालेले, इंजिनीअर झालेले. एकजण फोटो काढताना मला म्हणाला, ताई, डिग्री लिहू नका, हसतील. मी हसले. हसले आणि मग — जाऊ दे.

माझ्या पप्पांना, सुहासदादांना, ओळखता ना तुम्ही? ते दहावी नापास. एकोणीस वर्षांचे असताना एमआयडीसीत गेटवर जाऊन उभे राहिले, आतून कुणीतरी विचारलं, काय रे, उद्यापासून येशील? झालं. दोन वर्षांत पर्मनंट. त्या एका पगारावर घर बांधलं, आम्हा तिघांना शिकवलं, आजीचं ऑपरेशन केलं, दिवाळीच्या बोनसमधून आईला कपाट. आणि मी एमएस्सी. केमिस्ट्री. त्याच कंपनीत, मावशी, त्याच गेटातून आत गेले — पण कंत्राटदाराकडून. आमचा पास पिवळा, कॅन्टीनची रांग वेगळी. सात महिने झाले की ब्रेक. ब्रेक म्हणजे घरी बसा, मग नवा पास, नवा नंबर, जणू पहिल्यांदाच आलात — म्हणजे कुणी कधी पर्मनंट व्हायला नको. दोन ब्रेक काढले. तिसऱ्यानंतर बोलावलंच नाही. कंपनी बुडाली का? कुठली! दोन नवे प्लांट झाले. पप्पांच्या वेळी एका पाळीला चाळीस माणसं, आता नऊ, त्यातली सात पिवळी. पप्पांच्या वेळी साहेब सायकलवरून यायचे म्हणे. आता साहेबांची गाडी आली की आम्ही रस्त्याच्या कडेला सरकून उभं राहायचं.

पप्पांना हे पटतच नाही. त्यांचं एकच — "तू नीट इचारत नायस. तोंड उघडून बोलायला लागतं." मागच्या पावसाळ्यात स्वतः आले माझ्याबरोबर. इस्त्रीचा शर्ट, निरोपाला मिळालेलं ते घड्याळ हातात. गेटवरचा पोरगा माझ्याएवढा, तोही कंत्राटीच. पप्पा सांगायला लागले, मी हितं अठ्ठावीस वर्षं — आणि तो म्हणाला, काका, बाजूला व्हा, टँकर येतोय. वाईट नाही बोलला हो, टँकर खरंच येत होता. पण पप्पा बाजूला झाले ते झालेच. आता मला काही विचारत नाहीत. मी इथून घरी गेले की नुसतं बघतात.

हो हो, शर्मिलाचंच सांगतेय. वेबसाइट बंद — नाही, वेबसाइट चालू आहे.

मावशी, फॉर्मवर मोबाइल नंबर टाकावा लागतो. तुमच्याकडे तो बटणांचा फोन, शर्मिलाच्या फोनची काच गेलेली, महिन्याला सिम बदलते. मग मी आपली माझाच नंबर टाकते. तुमच्याच नाही, पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमधल्या कितीजणांच्या फॉर्मवर — तिकडे रेंजच नसते, मेसेज आला की मी निरोप पाठवते, एसटीच्या कंडक्टरबरोबर सुद्धा पाठवलाय. आजपर्यंत एकाचाही निरोप चुकला नाही माझ्याकडून. एकाचाही नाही. विचारा कुणालाही.

आणि त्याच दिवशी, शर्मिलाच्या फॉर्मनंतर, याच खुर्चीत, मी माझाही भरला. त्याच जागेचा. तुम्हाला बोलले नव्हते. लाज वाटली. डिग्री लिहिली नाही मी.

वीस मार्चला तळ्यावर अभिवादनाला आपण भेटलो ना? एवढ्या गर्दीत तुम्ही माझा हात धरलात आणि शर्मिलाला म्हणालात, "हिच्यासारखं शिकायचं होतंस गो." दुसऱ्या दिवशी दुपारी दोन मेसेज आले. एकाच फोनवर, एकामागोमाग. एक मला — प्रतीक्षा यादी, क्रमांक एक. म्हणजे निवडलेला माणूस कागद दाखवायला आला नाही, तर मी. आणि एक —

शर्मिला लागली, मावशी.

थांबा. रडू नका, हसूही नका, आधी ऐका. आज तीस तारीख आहे. नऊ दिवस झाले. शर्मिला दोनदा येऊन गेली इथे, याच काउंटरवर कोपर टेकून उभी होती, ताई काय आलं का गं? — मी म्हटलं, नाही गं अजून. दोन्ही वेळा. मी काही ठरवलं नव्हतं हो. पहिल्या दिवशी म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी पप्पांनी जेवताना विचारलं, त्या अलिबागचं काय झालं? — इतक्या महिन्यांनी विचारलं, मावशी — आणि मी म्हटलं, होईल बहुतेक. त्यांनी माझ्या ताटात स्वतःची भाकरी वाढली. मग कसं सांगू? मला वाटलं, माझ्याकडे एवढी मोठी डिग्री, ती साडीच्या दुकानात उभी राहतेच आहे, तिचं काय अडलंय. असं वाटलं मला. खोटं कशाला बोलू. रोज मेसेज काढून वाचायचे. पुसला मात्र नाही. फोन वाजला की तुम्हीच आहात असं वाटायचं — आणि आज तुम्हीच आलात, वाल घेऊन.

असं बघू नका.

आज कागद दाखवायचा शेवटचा दिवस आहे. पाच वाजेपर्यंत. कागद कुठे आहेत, मूळ कागद? — या खांद्यावरच्या पिशवीत? बरोबर, तुमच्या बरोबरच असणार. पुरात सगळे भिजले तेव्हापासून तुम्ही घरात कागद ठेवतच नाही, शर्मिला हसायची तुम्हाला. दाखवा. दहावीचं, जातीचं, रहिवासी, फोटो — फोटो आहेत. हे सगळ्याचे दोन-दोन झेरॉक्स, फॉर्मच्या वेळच्या स्कॅनवरून मी सकाळीच काढून ठेवलेत. कशाला काढले म्हणता? माहीत नाही. तुम्ही आला नसतात तर मी दिले असते का, तेही माहीत नाही. विचारू नका ते. आणि हा मेसेज, प्रिंट काढलीय, हा गेटवर दाखवायचा. पावणेअकरा झालेत. सव्वाअकराला अलिबागची गाडी आहे, चार तास धरा, पोचाल. शर्मिला दुकानात असेल, मालक नाही म्हणाला तरी तिला ओढून आणा, आहे त्या कपड्यांत. नंबर माझाच आहे फॉर्मवर — तिथे काही विचारायला फोन आला तर मी उचलीन. पहिल्या रिंगला उचलीन.

तिला नंतर सांगा, काय सांगायचं ते. आज नको. आज तिने नीट सही केली पाहिजे.

नाही, काही बोलू नका. शिवी द्यायची तर परत आल्यावर द्या, मी इथेच असते. डोक्यावर हात नका ठेवू, मावशी, नका — गाडी जाईल. जा. पळा म्हणते ना!

अहो — मावशी — वाल राहिले तुमचे.