एक तोळा हलकी

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. मागं खांबाला टेकलेत त्यांनी पुढं सरका. महाप्रसाद जड झालाय, ते दिसतंय मला इथून! झोप लागली तर लागू द्या, फक्त घोरू नका. बुवा ताल चुकतात.

आज एकच प्रश्न आहे माझा. माणूस रागानं चुकतो, लोभानं चुकतो. त्या चुकांना प्रायश्चित्तं सांगितलीत, पोथ्याच्या पोथ्या भरल्यात. पण प्रेमानं चूक झाली तर? जीव ओतून एखादं काम केलं, जग वाहवा म्हणतंय, आणि आपल्या एकट्यालाच कळलं — हे सुंदर आहे खरं, पण यात घात आहे. तर तोंड उघडायचं कधी?

उत्तर देऊ नका. इथं सतरंजीवर बसून सगळेच म्हणतात, 'लगेच!' आधी ऐका.

कोल्हापूरजवळ हुपरी. चांदीचं गाव. घराघरात पैंजण घडतात. तिथली राजमती मगदूम. नवरा दागिन्यांची पेटी घेऊन दक्षिणेत फिरतीवर. घर, काम आणि लेक, सगळं हिच्यावर. राजमती चांदीच्या कड्यांना डाग द्यायची, म्हणजे दोन टोकं आंच देऊन जोडायची. आणि जोड असा, की बोट फिरवलं तरी लागायचा नाही. सासुरवाशिणी पैंजण उलटंसुलटं करून विचारायच्या, "अक्का, सुरू कुठनं हुतंय हे?" राजमती हसायची. कारागिराला याहून मोठा हार नसतो हो.

तिची लेक त्रिशला. सतरा वर्षांची. आता तुम्हाला वाटलं असेल पोरगी भरतकाम करते. नाही! पोरगी सायकल उडवते. बीएमएक्स म्हणतात तिला. बुटकी, लहान चाकांची, गिअर नाही काही नाही. मातीच्या उंचवट्यांची वाट असते. उंच टेकाडावर आठ जणी एका फळीमागं उभ्या राहतात, फळी पडली की सुटायचं. उंचवट्यावरून हवेत, हवेतून खाली, पुन्हा हवेत. चाळीस सेकंदांत सगळा खेळ. आपल्याला तेवढ्यात चप्पल सापडत नाही!

आदल्या वर्षी राज्याच्या निवड स्पर्धेत त्रिशला तिसरी आली. अर्ध्या चाकानं. निवड होते दोघींची. घरी येऊन पोरगी रडली नाही, सायकलीकडं बघत बसली. मग म्हणाली, "आई, माझे पाय कमी पडले न्हाईत. गाडी जड पडली."

आईच्या काळजात तो शब्द रुतला. जड! अहो, आयुष्य चांदीच्या वजनावर गेलेली बाई. वजन कमी करायचं? हे तर तिच्या हातातलं काम.

मायलेकी कोल्हापुरात दुकानी गेल्या. दुकानदारानं दोन सांगाडे समोर ठेवले. एक पोलादी, क्रोमोली म्हणतात ते. दुसरा ॲल्युमिनियमचा, दोन बोटांवर तोलता येईल असा. दुकानदार भला माणूस. त्यानं सांगितलं, पोलादाचा जड आहे पण पोटात घालणारा आहे; आपटला, वाकला, तरी सांभाळून घेतो. ॲल्युमिनियमचा पळतो, पण त्याला जपावं लागतं. त्रिशलानं दोन्ही उचलले. पोलादाचा लगेच खाली ठेवला, आणि दुसरा... दुसरा काही हातातून सुटेना!

तोच घेतला. मग पायंडल नायलॉनची. आस पोकळ. बसायची गादी तळहाताएवढी. टायर पातळ. आणि घरी आल्यावर प्रत्येक वस्तू चांदीच्या काट्यावर! पैंजण बघायला आलेल्या बाया काट्याच्या काचेच्या पेटीत सायकलीचा नट बघून परत जायच्या. शेजारीण म्हणाली, "राजमती, लेकीचं लग्न जमवताना पण एवढी तोलशील का गं?" राजमती म्हणाली, "जावई एवढा हलका चालायचा न्हाई."

सगळं जोडलं. वजन नऊ किलो आणि वर नव्वद ग्रॅम.

इथंच माणूस फसतो बघा. नऊ किलो नव्वदवर काय अडलं होतं? पण आकडा दिसला, की माणसाला आकड्याच्या आतला आकडा हवा असतो. त्रिशला म्हणाली, नऊच्या आत आली पाहिजे. सांगाड्याचा रंग खरवडून काढला. गादीची दांडी आखूड केली. राहिले दहा ग्रॅम. राजमतीचं लक्ष गेलं सायकलीच्या मानेकडं. मान म्हणजे हँडलची दांडी जिथं सांगाड्यात शिरते ती जागा. तिथं खाली दोन बारक्या कड्या होत्या, ब्रेकची वायर अडकवायला. यांची वायर दुसऱ्या बाजूनं जात होती. कड्या बिनकामाच्या. राजमतीनं करवत लावली आणि उतरवल्या. काट्यावर टाकल्या, एक तोळा भरल्या, जुना तोळा, साडेअकरा ग्रॅमचा.

आली की नाही गाडी नऊच्या आत? आली! मग तिथंच हात धुवायचे ना? पण कड्यांचे बुडखे राहिले होते. खरबरीत. राजमतीच्या हातचं काम आणि खरबरीत? कानस मारली, ओरखडे राहिले. तेव्हा तिनं तेच केलं जे वीस वर्षं करत आली. गॅसची नळी घेतली, आंच दिली.

आता ऐका. चांदी गुणी असते. तापली की लाजल्यासारखी लालसर होते, कारागिराला सांगते: पुरे, थांब. राजमती त्या लालीची वाट बघत बसली. ॲल्युमिनियम लाल होत नाही, मंडळी. पांढरं ते पांढरंच राहतं. तिनं आंच वाढवली. आणखी धरली. रंग काही बदलेना, पण सळईनं दाबल्यावर धातू लोण्यासारखा वळायला लागला, तेव्हा तिला वाटलं, जमलं! घासून ओप दिला. बोट फिरवलं. कड्या कधी होत्या, असं वाटू नये.

त्रिशला घरी आली. त्या जागेवरून बोट फिरवत राहिली, कितीतरी वेळ. आणि आईच्या गळ्यातच पडली.

स्पर्धेचा दिवस. शहराबाहेरचं मैदान, सकाळचं ऊन. त्रिशला पहिली फेरी जिंकली. दुसरी जिंकली. गाडी कुठली, पाखरूच ते! उपांत्य फेरीत तर आठ जणींत दोन सायकलींचं अंतर काढून पहिली आली. अंतिम फेरीला अर्धा तास होता. राजमती पाण्याच्या टाकीकडं गेली.

टाकीजवळ एक गृहस्थ बसले होते, मुल्लाणीचाचा. बस बांधायच्या कारखान्यातले वेल्डर, नातवाला घेऊन आलेले. नातवाच्या सांगाड्याला बारीक चीर गेलेली. कुणीतरी म्हणालं, चाचा, एवढे मोठे वेल्डर तुम्ही, मारा की जरा गॅस, आजचा दिवस निघेल. चाचांनी मान हलवली. समजावून सांगायला लागले — हा सांगाडा कारखान्यात भट्टीत मुरवून कडक केलेला असतो. त्याला वरून आंच दाखवली, की तेवढ्या जागेची ताकद जाते. पोर उंचावरून खाली आलं, की सगळा भार मानेवर येतो. आंच लागलेली मान कधी दगा देईल, सांगता येत नाही.

राजमतीच्या हातातला तांब्या भरून वाहायला लागला. बोटं भिजली, पदर भिजला. तिनं विचारलं, "चाचा... मऊ पडलंय ते वळखायचं कसं?"

"बघून न्हाई कळत, वहिनी," चाचा म्हणाले. "मोडल्यावर कळतंय."

सांगा आता. म्हणा, 'लगेच'! राजमती परत निघाली ना, तीसुद्धा सांगायलाच निघाली. पण दोनशे पावलांची वाट, आणि पावलागणिक मन वकिली करतंय. तीन फेऱ्या झाल्या, काय झालं? काही नाही. आता राहिली एक. चाळीस सेकंद. चाचांना सगळ्याच सांगाड्यांचं थोडंच कळतंय. वर्षभर पोरीनं पहाटे उठून घाम गाळलाय. आणि आतून, अगदी तळातून, एक बारका आवाज — लोक काय म्हणतील, राजमतीचा हात चुकला?

तो बारका आवाज ओळखीचा आहे ना? माझ्याही ओळखीचा आहे.

तंबूजवळ पोचली, तर तिथं घोळका. त्रिशलाचे शिक्षक, कुंभोजे सर, चार पालकांना सायकलीची मान दाखवत होते. "बघा ही कारागिरी. इथं दोन कड्या होत्या. कुठं होत्या, शोधून दाखवा." लोकांनी वळून राजमतीला हात जोडले. तिचे ओठ हलले. मंडळी, ओठच हलले. शब्द आला नाही. कौतुकाचा हार गळ्यात असताना गळा आवळला जातो, आणि बाहेरच्यांना फुलंच दिसतात!

माझ्या हाताचं कसब, लेकीच्या गं पायी घुंगरू,
आज सांगू कशी बाई, नको उताराला उतरू!

पुकारा झाला. अंतिम फेरीच्या मुली वर गेल्या. आठ जणी फळीमागं. राजमती दोरीबाहेर उभी, मुठीत दोरी. मनात जप चालू — काही होऊ नये, काही होऊ नये. देवाला साकडं घालत होती बाई, ज्या कामाला तिचे दोन शब्द पुरले असते!

वर त्रिशलानं हेल्मेटचा पट्टा आवळला. हातमोजा काढला. वाकली. आईनं ओप दिलेल्या त्या जागेवर बोट टेकवलं, आणि ते बोट कपाळाला लावलं.

लेक पाया पडली, मंडळी. आईच्या हाताच्या, आणि नेमकी त्याच जागेच्या!

राजमती दोरीखालून वाकून आत शिरली. पंच ओरडले, कुणी हात धरला, तिनं सोडवून घेतला. लुगड्याचा काष्टा नव्हता, साडी होती, चढ होता, दोनदा पडली. वर पोचली आणि तिनं हँडल धरलं.

"उतर."

"आई? आत्ता फळी पडंल. बाजूला हो."

"मानेला मी आंच दिलीया. देऊ ने ती. आत्ता कळलं मला." मग पुढचंही बोलली, कारण अर्धं खरं पुन्हा खोटंच असतं. "आत्ता न्हाई. अर्धा तास झाला कळून."

खालून कर्णा वाजतोय, सात जणी दात आवळून बसल्यात. त्रिशलानं हळू विचारलं, "नक्की मोडंल?"

"ठाऊक न्हाई."

"मोडणारबी न्हाई कदाचित?"

"कदाचित न्हाई मोडणार."

"मग?"

"मला ठाऊक न्हाई, म्हणून उतर म्हणते."

पंच म्हणाले, एक मिनिट देतो. दुसरी सायकल असेल तर आणा. एका मिनिटात कुठून येणार? त्रिशला उतरली. आईकडं बघितलं नाही. सायकल खांद्यावर घेतली, तशीच खाली आली. मागं फळी पडली. सात जणी सुटल्या. चाळीस सेकंदांत दोघींची निवड झाली, त्यात ही नव्हती.

राजमती तंबूत गेली नाही. चाचांकडं जाऊन लोखंड कापायची करवत मागितली. कुंभोजे सर म्हणाले, असं का करता, कारखान्यात पाठवून तपासून घेऊ, कळेल तरी. दुसरा एक जण म्हणाला, सुटे भाग करून विका, सांगाड्याचे चार पैसे येतील. राजमती म्हणाली, "इकला तर दुसऱ्या कुणाची तरी लेक बसंल यावर." आणि त्या मानेवर तिनं करवत ठेवली. पण सांगाडा हलायला लागला. एका हातानं धरायचा, एका हातानं कापायचं, जमेना. डोळ्यांत पाणी, पातं घसरतंय.

तेवढ्यात पलीकडून कुणीतरी सांगाडा घट्ट धरला. त्रिशला. गुडघा टेकून धरून राहिली, तुकडे होईपर्यंत.

पुढं तुम्हाला काय हवंय, ते मला ठाऊक आहे. मोडली असती का, महाराज? मला प्रत्येक गावी विचारतात! मोडली असती तर आई थोर, नसती तर आई खुळी — असाच न्याय करणार ना? तिनं तो न्यायच कापून टाकला. आपण बरोबर होतो, हे सुद्धा तिला सिद्ध करायचं नव्हतं. जे कळलं होतं ते सांगायचं होतं, आणि त्यातही अर्धा तास उशीर झाला, तोही सांगायचा होता.

आता तुम्ही. इतका वेळ राजमतीची गोष्ट ऐकली, आणि मधेच कुणाकुणाची नजर खाली गेली, ते मी इथून पाहिलंय. नावं घेत नाही. भल्यासाठी म्हणून लेकाला भलत्या शाखेत घातलंत, आणि आता कळतंय. सुनेच्या सुखासाठी म्हणून काही लपवलंत. बापाच्या औषधात आपल्याच शहाणपणानं बदल केलात, आणि घरात सगळे म्हणतात, किती करतो हो हा बापाचं! लोक वाहवा म्हणतायत तोवर ओठ नुसतेच हलतायत.

मृदंग थांबवा, बुवा. आरती अर्धा तास उशिरा करू. ज्याला उठायचंय त्यानं उठावं, बाहेर जाऊन फोन लावावा, जवळ घर असेल त्यानं घर गाठावं. देव ताटकळला तर रागावणार नाही. वर उभी आहे ना ती लेक, तिची फळी मात्र थांबत नाही.

उठा. मी डोळे मिटून घेतो. कोण उठलं, ते मला बघायचं नाही.