उरलेल्या गोळ्या

सफुरा खोपोलीच्या स्टँडवर मोहोपाड्याच्या गाडीची वाट बघत होती. मांडीवर लेक, पदराच्या गाठीत लेकीची आग थांबल्यावर उरलेल्या गोळ्या. मोहोपाड्यात बहिणीच्या पोरालाही लघवीला आग होत होती, त्याला त्या द्यायच्या होत्या. शेजारी दोघी बोलत होत्या.

“गौरा, पोर परत तापली गं?”

“हुडहुडी भरलीय. मुतायला बसली की वरडते.”

“डॉक्टरनं गोळ्या दिलेल्या ना?”

“ताप उतरला, खेळाया लागली. मग उरलेल्या जावेच्या पोराला दिल्या.”

“त्याला गुण आला?”

“कसला गं! त्यो इस्पितळात हाय. अर्ध्या औषदानं दोगांचंबी भागलं नाय.”

मोहोपाड्याची गाडी लागली. सफुरा उठली नाही. तिनं पदराची गाठ सोडली.

“बाय, घोटभर पानी द्याल? पोरीला गोळी द्यायचीय.”