आण्णासाहेबांच्या मोटारीचं नवं काळीज

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. पखवाजवाले, तुम्हीही हात पुसून घ्या. आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच द्यायचं नाही हं! लगेच दिलेलं उत्तर बहुतेक वेळा शेजाऱ्याबद्दल असतं.

प्रश्न असा — घरातली चांगली चालती वस्तू आपण बदलतो, ती काय बिघडली म्हणून? की कुणीतरी काहीतरी बोललं म्हणून?

बघा! तिसऱ्या रांगेत एका माउलीनं यजमानांना कोपर मारलं! मारा, मारा. पण जरा थांबून मारा, आख्यान अजून सुरूही झालं नाही.

तर मंडळी, ऐका. गडहिंग्लजला आण्णासाहेब शिंत्रे म्हणून एक गृहस्थ होते. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी. आयुष्यभर लोकांच्या उसाचं वजन केलं, आणि रिटायर झाल्यावर स्वतःचं वजन गावात किती आहे ते तपासत बसले! करतो आपण असं. वेळ असतो ना.

त्यांच्याकडे एक मोटार होती. त्रेसष्ट सालची. बदामी रंग, गोल दिवे, पुढं चकचकीत जाळी. एका डॉक्टरांकडून तिसेक वर्षांपूर्वी घेतलेली. रोज सकाळी आण्णासाहेब तिला फडक्यानं पुसायचे. त्यांची पत्नी कलावतीबाई खिडकीतून म्हणायच्या, "अहो, तेवढ्यात माझा स्वयंपाकाचा कट्टाही पुसून द्या की!" ते ऐकू यायचं नाही. मोटारीचा आवाज मात्र झोपेतही ऐकू यायचा!

चालायची कशी? हळू. पण चालायची! पन्नासच्या पुढं गेली की जरा कुरकुरायची, म्हणून आण्णासाहेब पन्नासच्या पुढं जायचे नाहीत. नवरा-बायको पुढच्या एकसंध सीटवर शेजारी बसून, काचा खाली करून, सगळ्या गावगप्पा मारत जायचे. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं. बरं चाललं होतं की नाही? चाललं होतं!

मग कुठं बिघडलं? आंबोलीच्या घाटात.

सावंतवाडीला भाचीचं लग्न होतं. ते आटोपून सगळे परत निघाले. आण्णासाहेब आपल्या बदामी मोटारीत, कलावतीबाई शेजारी. मागून त्यांचा मेहुणा विलास — कलावतीबाईंचा धाकटा भाऊ — नव्या कोऱ्या गाडीत. घाट लागला. मोटार दुसऱ्या गिअरवर, घूं घूं घूं. विलासनं हॉर्न दिला, हात केला, आणि भुर्रकन पुढं! आण्णासाहेब वर पोचले, तेव्हा विलासचे दोन चहा आणि एक प्लेट कांदाभजी संपली होती. तो दात कोरत म्हणाला, "काय दाजी, ढकलत आणली काय?"

सगळे हसले. चहावालासुद्धा हसला! त्याचा काय संबंध? काही नाही. पण मंडळी, आपल्याला मेहुण्याचं हसणं एक वेळ चालतं. चहावाल्याचं हसणं चालत नाही!

आण्णासाहेब घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार थेट कोल्हापूरला, दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात. हे दस्तगीर मिस्त्री म्हणजे कान लावून इंजिनाचं दुखणं सांगणारा माणूस. त्यांनी बॉनेट उघडलं. डोकं आत घातलं. इंजिन सुरू केलं, बंद केलं.

"साहेब, इंजिन झकास हाय. कार्बोरेटर साफ करतो, झडपा बसवून देतो. आठ दिवसांनी या."

"मला हे इंजिन नकोच आहे. दुसरं घाला. जीपचं, डिझेलचं. दणकट!"

मिस्त्रींनी हात पुसले. फार वेळ पुसले. मग म्हणाले, "साहेब, इंजिन घालणं सोपं. बाकीच्या गाडीची समजूत काढणं अवघड. नवं काळीज जुन्या हाडांना पेलंना, मग काय करायचं?"

"किती खर्च?"

"इंजिनाचे चाळीस हजार. बाकीचं विचारू नका."

आता बघा, माणूस सांगतोय — विचारू नका! शहाण्या माणसानं तिथंच विचारावं की नाही? आण्णासाहेब म्हणाले, "नाही विचारत." सही झाली!

पंधरा दिवसांनी आण्णासाहेब हजर. "बसलं का?"

"इंजिन बसलं, साहेब. पर बॉनेट बसंना." नवं इंजिन लांब आणि उंच! मग आतला पत्रा कापला. पत्रा कापला तर गिअरबॉक्स जुळेना. गिअरबॉक्स दुसरी आणली, तर तिच्यापासून मागच्या चाकापर्यंत जाणारा दांडा आखूड पडला. दांडा नवा केला. आता सगळं बसलं म्हणून मोटार खाली उतरवली — तर पुढून अशी वाकली, अशी वाकली, जणू नवी सून पाया पडतेय! इंजिन जड झालं ना. मग पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. स्प्रिंगा बदलल्यावर मिस्त्री म्हणाले, "साहेब, ही आता पळंल. पर थांबंल का?" — ब्रेक बदलले! पाणी उकळायला लागलं — रेडिएटर बदलला! गाडीच्या नोंदणी-पुस्तकात इंजिनाचा नंबर एक, गाडीत दुसरा — त्यासाठी आरटीओच्या फेऱ्या!

आमचे पेटीवाले वामनराव हसताहेत. वामनराव, तुम्ही घरात नवा सोफा आणलात, मग पडदे बदललेत, मग भिंतीचा रंग, मग फरशी! सांगू का पुढचं? बरं, राहू दे. तुमच्या सौभाग्यवती समोरच बसल्यात.

एके दिवशी मिस्त्रींनी विचारलं, "जुन्या इंजिनाचं काय करू?" आण्णासाहेब म्हणाले, "टाका कुठंतरी." बेळगावचा एक माणूस तसल्याच मोटारीसाठी इंजिन शोधत आला होता. त्यानं ते सुरू करून बघितलं, डोळे मिटून आवाज ऐकला, आणि आपल्या गळ्यातला पंचा काढून त्यावर पांघरला. टेम्पोत घालून घेऊन गेला. ते गेलं, ते गेलंच.

चौदा महिने, मंडळी! चौदा महिने मोटार गॅरेजात. चाळीस हजारांचे साडेतीन लाख झाले, फंडाचे पैसे संपले. आणि घरी? आण्णासाहेब जेवताना गप्प, झोपताना गप्प. डोक्यात स्प्रिंगा! कलावतीबाई विचारायच्या, "अहो, बरं नाही का?" तर म्हणायचे, "काही नाही." हे 'काही नाही' फार वाईट असतं, मंडळी. ते ऐकणाऱ्याला वाटतं, सगळं काही आपल्यामुळंच आहे!

शेवटी मोटार आली. सुरू केली — धडधडधड! समोरच्या घरातलं पाळण्यातलं पोर जागं झालं, पत्र्यावरची मांजर शेजारच्या वाडीत गेली. कलावतीबाईंनी एकदाच बसून बघितलं. उतरल्या आणि म्हणाल्या, "माझ्या दाढा खुळखुळल्या हो!"

इतक्यात सावंतवाडीहून निरोप आला. भाचीला मुलगा झाला होता, बारशाला या! आण्णासाहेबांचे डोळे असे चमकले, म्हणून सांगू. बारशाचा आनंद? छे! परतीच्या वाटेवर घाट होता ना!

बारसं झालं. बाळाचं नाव काय ठेवलं, हे आण्णासाहेबांना आजही विचारू नका. परत निघताना कलावतीबाई म्हणाल्या, "मी विलासच्या गाडीत बसते. माझ्या दाढांची काळजी घ्यायला हवी." आण्णासाहेब म्हणाले, "बस, बस." मनात म्हणाले — बरंच झालं, विलासची हार बघायला आणखी एक माणूस मिळालं!

घाट सुरू झाला. विलास पुढं होता. आण्णासाहेबांनी पाय दाबला — आणि मंडळी, खोटं कशाला सांगू? मोटार गेली! काय गेली! वळणामागून वळण, धूर मागं, आवाज पुढं! विलासला मागं टाकलं, दोन ट्रक मागं टाकले, एक एसटी मागं टाकली. एसटीतल्या लोकांनी खिडकीतून माना काढून बघितलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा आण्णासाहेब मोठ्यानं हसले. एकटेच!

वर पोचले. तोच चहावाला. दोन चहा मागवले, कांदाभजी मागवली. खुर्ची रस्त्याकडं तोंड करून ठेवली. पायावर पाय टाकला. आणि वाक्य घोकायला लागले, "काय विलासराव, ढकलत आणली काय?" एकदा हळू. एकदा दात कोरत. चहावाल्यानं विचारलं, "काय पाहिजे, काका?" म्हणाले, "काही नाही!"

दहा मिनिटं झाली. वीस झाली. भजी गार झाली. अर्धा तास! आता ते मान लांब करून वळणाकडं बघायला लागले. गाडी बंद पडली? घाटातली वळणं वाईट... आणि आत कलावती आहे! कप खाली ठेवला. उठले, रस्त्यावर गेले, परत आले. पाऊण तास! मोटार वळवायला किल्ली काढली — आणि विलासची गाडी वर आली. आरामात. आत दोघंही हसताहेत, दोघांचीही तोंडं जांभळी!

"अहो, करवंदं!" कलावतीबाईंनी पानाचा द्रोण पुढं केला. "वाटेत बायका विकत होत्या. मग बसलोच दरीच्या कडेला."

आण्णासाहेबांचा जीव भांड्यात पडला. पण वाक्य तोंडात तयार होतं ना! तेच बाहेर आलं, "काय विलासराव, ढकलत आणली काय?"

विलास म्हणाला, "ढकलत कशाला, दाजी? आक्कानं थांबायला लावलं."

"तसं नव्हे रे! मागल्या वर्षी... इथंच... तू मला म्हणाला होतास!"

"मी? कधी?" विलास खरंच आठवायला लागला. कपाळ चोळलं. "असं म्हणालो मी? नाही बुवा आठवत. करवंदं घ्या की!"

मंडळी! साडेतीन लाख! चौदा महिने! आणि ज्यानं म्हटलं, त्याला आठवतच नाही! तो त्या दिवशी भज्यांबरोबर बोलला आणि भज्यांबरोबरच विसरला. इकडं आमचे आण्णासाहेब ते वाक्य उराशी धरून वर्षभर जागे!

कलावतीबाईंच्या मात्र सगळं लक्षात आलं. त्यांनी एकदा नवऱ्याकडं बघितलं, एकदा मोटारीकडं. भावाला म्हणाल्या, "विलास, तू हो पुढं. मी ह्यांच्याबरोबर येते."

मोटार निघाली. धडधडधड! कलावतीबाई काहीतरी बोलल्या. "आँ?" परत बोलल्या. "आँ?" शेवटी आण्णासाहेबांनी मोटार कडेला घेतली, बंद केली. एकदम शांत झालं.

"काय म्हणालीस?"

"म्हणाले, त्या दिवशी घाटात मला किती छान वाटत होतं. तुम्ही हळू चालवत होता, म्हणून दरीतलं सगळं धुकं बघून झालं माझं. आणि वर गेल्यावर तुम्ही जे गप्प झालात... मला वर्षभर वाटत होतं, माझंच काहीतरी चुकलं."

 आण्णासाहेबांनी उसाच्या हजार गाड्या तोलल्या, पण ह्या वाक्याचं वजन त्यांना करता येईना. एवढंच म्हणाले, "तुझं काही नव्हतं गं. मी मूर्ख."

"ते मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "पण किती, ते आज कळलं!"

हसले दोघं. मोटार सुरू केली. अर्ध्या मैलावर कलावतीबाईंना काहीतरी आठवलं — हात केला, मोटार कडेला, इंजिन बंद! बोलून झालं की पुढं. परत काहीतरी आठवलं, परत बंद! आंबोलीहून गडहिंग्लजला जायला दीड तास लागतो. घाटाची शर्यत जिंकलेल्या त्या मोटारीला, मंडळी, पावणेचार तास लागले!

आता तुमच्याकडं वळतो. पळू नका, चपला मी मोजून ठेवल्यात! तुमच्यापैकी प्रत्येकानं घरात त्या मोटारीसारखं काही ना काही खोलून ठेवलंय. कुणी घर, कुणी दुकान, कुणी पोराचं शिक्षण, कुणी स्वतःलाच. आत्ता दोन मिनिटं डोळे मिटा आणि आठवा — ते कुणाच्या बोलण्यावरून सुरू केलं? तो माणूस सापडला की उद्या सकाळी त्याच्याकडं जा. चहा मागा. आणि विचारा, "तू असं म्हणाला होतास, आठवतं का?" तो "कधी?" म्हणाला, तर त्याचा चहा पिऊन सरळ घरी या, आणि घरातल्या माणसाला म्हणा, "तुझं काही नव्हतं गं." एवढं जमलं, तरी आजचं कीर्तन वसूल!

उघडा डोळे. उचला टाळ. आता नाम घेऊ. वामनराव, लय संथ ठेवा. मागच्या खांबाशी बसलेल्या म्हाताऱ्या आजींना टाळी धरता आली पाहिजे. त्यांना मागं टाकून आपल्याला कुठंही जायचं नाही. म्हणा, सगळ्यांनी मिळून — विठ्ठल, विठ्ठल...