सावलीत आणलेली धामण

आई: पण तोंडाकडून कशाला? शेपटीकडून सोडव, म्हणजे चावायची नाही.

लेक: चावली तर चावू दे. धामण आहे, हिला विष नसतं. गळ्याचा फास आधी सुटला पाहिजे. तू मान धर. अशी, दोन बोटांत. आवळू नकोस.

आई: धरली. निसटतेय गं बोटांतून.

लेक: सोडू मात्र नकोस.

आई: केवढासा दोरा हा जाळीचा. माझ्या शिवणाच्या दोऱ्याहून जरासाच जाड.

लेक: म्हणूनच रुततो. पुढे जायला जोर लावला की आत जातो, आणि मागे सरावं तर खवले अडकतात.

आई: एकदाची ओरडून घे मला. जीव तोडून सांगत होतीस, जाळी नको म्हणून.

लेक: नको असं नव्हतं म्हटलं. ताणून लाव आणि जमिनीपासून वर ठेव, एवढंच म्हटलं होतं.

आई: पाखरं एक टोमॅटो धड राहू देत नव्हती. टाकली घाईघाईने नुसती वर. म्हटलं, उद्या ताणू. माझं उद्या कसं असतं, तुला ठाऊकच आहे.

लेक: हं, सुटला गळ्याचा. बघ, फुसकारली.

आई: फुसकारू दे बिचारीला. मलाच शिव्या घालत असणार.

लेक: आता पोटाकडचा. आई, ही वाफ्यात अडकली होती ना? मग इथे व्हरांड्यात कशी आली?

आई: मी आणली. ऊन केवढं होतं तिथे.

लेक: उचलून?

आई: उचलतेय कसली. जाळीचं टोक धरलं आणि ओढत आणली. साप अडकल्याचा फोन आला की तू सगळ्यांना सांगतेस ना, उन्हात ठेवू नका, सावलीत घ्या, मी येतेच. जेवताना, भांडी घासताना, सारखं कानावर पडतं. पाठ झालंय मला.

लेक: सरळ आली?

आई: मधे खुंटाला अडकली जाळी. एक हिसका दिला, मग आली.

लेक: जोरात?

आई: जोरातच द्यावा लागला. का गं?

(लेक कात्री खाली ठेवते. धामणीच्या शेपटीला बोटांनी चिमटा घेते, मग थोडं वर, मग आणखी वर.)

आई: थांबलीस का? दोन फास राहिलेत अजून.

लेक: इथून खाली हिला काही कळत नाहीये. कणा तुटलाय.

आई: होईल की बरा. तो नाग नव्हता का, महिनाभर ठेवला होतास मागच्या खोलीत. गेला ना तो ठणठणीत होऊन.

लेक: त्याची नुसती कातडी फाटली होती. हिला आता सरपटता यायचं नाही, शिकार धरता यायची नाही. डॉक्टरांकडे नेते. इंजेक्शन देतील ते.

आई: त्याने बरं वाटेल?

लेक: नाही, आई.

आई: पोट फुगल्यासारखं दिसतंय हिचं.

लेक: अंडी आहेत.

आई: अरे देवा. काय करून बसले मी हे.

लेक: तू माझंच ऐकलंस. सावलीत घ्या म्हणते मी, कसं घ्यायचं ते कधी सांगितलंच नाही. किती जणांनी असंच ओढत आणलं असेल. मी पोचायचे तर साप मेलेला असायचा, आणि वाटायचं, मलाच उशीर झाला.

आई: हिसका माझ्या हातचा होता. तू नको लावून घेऊस जिवाला.

लेक: मान घट्ट धर. राहिलेले दोन कापते.

आई: आता कापून काय उपयोग?

लेक: जाळीत अडकून नको जायला जीव तिचा.

आई: हो. तेही खरंच. काप.

लेक: झालं. आता पिशवीचं तोंड उघड, सावकाश.

आई: तुझा फोन वाजतोय.

लेक: वाजू दे.

आई: घे, बबे. कोणाकडे तरी साप अडकला असेल. हिला मी सांभाळते.

लेक: हॅलो. हो, मीच बोलतेय. कुंपणाच्या जाळीत? हलतोय ना? बरं, निघतेच मी. तोवर उन्हात ठेवू नका, त्याला... ऐका, तोवर त्याला...

आई: छत्री धरायला सांग.